डोक्याचा मार आणि पुढचे चोवीस तास

नुकते चालू लागलेले मूल दिवसाकाठी किती वेळा पडते, याची मोजदाद करण्याचा खटाटोप न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांवरून असे दिसते की, एक ते दीड वर्षाच्या आसपासचे मूल मोकळेपणी खेळत असताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते. चालण्याची विद्या मनुष्याला पडून पडूनच येते. यांतील बहुतेक वेळा मूल बुडावर आपटते, क्षणभर इकडेतिकडे पाहते आणि पुन्हा उठते. काही वेळा मात्र डोके उंबरठ्यावर, खाटेच्या कडेवर किंवा फरशीवर आदळते. मग घरात धावपळ उडते. कोणी टेंगूळ चोळते, कोणी पाणी पाजते, कोणी मुलाची समजूत काढण्यासाठी जमिनीलाच चापट मारते. या गडबडीत जे पाहावयास हवे ते पाहण्याचे मात्र राहून जाते.

मूल डोक्यावरच का आपटते, याचे कारण त्याच्या बांध्यात आहे. प्रौढ माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे आठव्या भागाइतके असते. नवजात बालकाचे एक चतुर्थांश असते. वरचा भाग जड, मान दुबळी आणि पडताना हात पुढे टेकून स्वतःला सावरण्याची सवय अद्याप अंगवळणी पडलेली नाही, अशा स्थितीत तोल गेला की डोके आधी खाली जाते. सुदैवाने या वयात उभ्या मुलाचे डोके जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटर उंच असते. पडणाऱ्या वस्तूची आघातशक्ती उंचीच्या प्रमाणात वाढते, हे पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील सूत्र येथेही लागू आहे. पाऊण मीटरवरून जो फटका बसतो, त्याच्या चौपट फटका तीन मीटर उंचीच्या गच्चीवरून बसतो. म्हणूनच मूल चालता चालता पडले की खाटेवरून, जिन्यावरून किंवा गच्चीवरून पडले, ही पहिली चौकशी होय.

डोक्याला मार लागला म्हणजे नेमके कोठे लागला, हे समजण्यासाठी त्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. सर्वांत बाहेर केसांखालची जाड त्वचा असते. तिच्या खालच्या चिवट थरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि या वाहिन्यांच्या भिंती भोवतालच्या तंतूंना घट्ट जखडलेल्या असतात. शरीरात इतरत्र वाहिनी तुटली की ती आकसते आणि रक्त लवकर थांबते. येथे तिला नीट आकसता येत नाही. त्यामुळे डोक्याला लहानशी खोक पडली तरी रक्ताची धार लागते आणि पाहणाराच घाबरून जातो. त्वचा फाटली नाही तर हेच रक्त आत साठते. खाली कठीण हाड असल्यामुळे त्याला बाहेरच्या बाजूलाच फुगावे लागते, आणि पाहता पाहता अंड्याएवढे टेंगूळ उभे राहते. पोटरीला तेवढाच मार लागला असता तर तेथे केवळ काळानिळा डाग उमटला असता.

याचा अर्थ असा की, टेंगूळ ही कवटीच्या बाहेरची घटना आहे. कवटीच्या आत दृढतानिका नावाचे चिवट आवरण, त्याच्या आत आणखी दोन नाजूक आवरणे, त्यांच्यामध्ये खेळणारा पाण्यासारखा मस्तिष्क-मेरुद्रव आणि त्यात तरंगणारा मेंदू, अशी व्यवस्था असते. बाहेरच्या टेंगळाच्या आकारावरून आत काय झाले याचा अंदाज बांधता येत नाही. कपाळावर मोठे टेंगूळ आले तरी मूल बहुधा सुरक्षित असते, कारण कपाळाचे हाड जाड असते. उलट, तान्ह्या बाळाच्या डोक्याच्या बाजूस किंवा मागे आलेली, हाताला लिबलिबीत लागणारी सूज दिसावयास लहान असली तरी तिच्याखाली हाडाला चीर गेलेली असण्याचा संभव असतो. लोक ज्याला भितात ते निरुपद्रवी आणि ज्याकडे दुर्लक्ष करतात ते घातक, असा प्रकार येथे वारंवार घडतो.

कवटीच्या आत इजा होण्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यात धक्क्याने मेंदू हादरतो आणि त्याचे कार्य काही काळ विस्कळीत होते. मूल गोंधळते, त्याचे डोके दुखते, कधी क्षणभर शुद्ध हरपते. हे बहुधा विश्रांतीने बरे होते. दुसरा प्रकार रक्तस्रावाचा. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते. हाडाला चीर गेली आणि ती धमनी फाटली, तर रक्त हाड आणि दृढतानिका यांच्यामध्ये साठू लागते. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त वाढले की जागा मेंदूलाच सोडावी लागते. परंतु हे साठणे हळूहळू होत असते. मूल पडले, थोडा वेळ भांबावले, मग शुद्धीवर आले, बोलू लागले, जेवलेही, आणि काही तासांनी त्याला ग्लानी येऊ लागली, असा क्रम यात दिसू शकतो. मधल्या या बऱ्या वाटणाऱ्या काळातच घरची माणसे निश्चिंत होतात. वेळेवर शस्त्रक्रिया करून साठलेले रक्त काढले तर असे मूल पूर्ववत् बरे होऊ शकते. उशीर झाला तर तेच रक्त प्राण घेते. तान्ह्या बाळांत हा विशिष्ट प्रकार कमी आढळतो, पण दृढतानिकेच्या आतील बाजूस होणारा रक्तस्राव त्यांच्यातही होतो. अशी मुले एकंदरीत फार थोडी असतात. पण ती ओळखण्याचे काम यंत्राच्या आधी घरातील डोळ्यांना करावे लागते.

मूल पडल्याबरोबर करावयाची गोष्ट साधी आहे: आपण शांत राहावे आणि मुलाकडे पाहावे. ते लगेच मोठ्याने रडले तर ते चांगले लक्षण समजावे. ते शुद्धीवर आहे आणि त्याचा श्वास चालू आहे, एवढे त्या रडण्याने कळते. त्याला जवळ घ्यावे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे सतत दाबून धरावी. रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी ती मध्येच उचलू नये. हाड खचलेले जाणवत असेल तर मात्र दाब न देता नुसते कापड ठेवून रुग्णालय गाठावे. टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. तान्हे बाळ बर्फाने अधिकच रडू लागले तर त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. ठणका असल्यास पॅरासिटामॉल हे औषध मुलाच्या वजनाप्रमाणे ठरलेल्या मात्रेत देता येते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये.

उंचावरून पडलेले मूल निपचित असेल, तर त्याला चटकन् उचलून खांद्यावर टाकण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण डोक्याबरोबर मानेच्या मणक्यांनाही इजा झालेली असू शकते. डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला आहे तेथेच ठेवावे, श्वासाकडे लक्ष द्यावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ओकारी होऊ लागली तर तिघाचौघांनी मिळून संपूर्ण शरीर एकदम कुशीवर वळवावे, म्हणजे ओकारी श्वासनलिकेत जाणार नाही. आकडी आली तरी कुशीवरच ठेवावे आणि तोंडात चमचा, बोट, पाणी असे काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने आकडी थांबत नाही; वेळ मात्र जातो.

प्रचलित उपायांतील आणखी काही टाळण्याजोगे आहेत. टेंगूळ तळव्याने चोळून किंवा वाटीच्या बुडाने दाबून 'बसवण्याची' पद्धत घरोघर आहे. टेंगूळ म्हणजे फुटलेल्या सूक्ष्म वाहिन्यांतून आलेले रक्त; चोळल्याने त्या आणखी फुटतात. जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरल्याने रक्त थांबल्यासारखे दिसते, पण नंतर टाके घालणाऱ्या डॉक्टरला ती पूड धुऊन काढण्यातच वेळ घालवावा लागतो. भान नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालणे तर सरळ धोक्याचे आहे. आणि बाळ गप्प पडले म्हणून त्याला जागे करण्यासाठी गदागदा हलवणे हे सर्वांत वाईट. त्या हलवण्याने मेंदूभोवतालच्या नाजूक शिरा तुटू शकतात. आजीला दृष्ट काढावयाची असेल तर तिने ती अवश्य काढावी. फक्त रुग्णालयात निघालेली मंडळी त्यासाठी दारात थांबवू नयेत.

'मार लागल्यावर मुलाला झोपू देऊ नये' ही समजूत फार जुनी आणि फार दृढ आहे. झोप स्वतः मेंदूला काहीही अपाय करीत नाही. भीती वेगळीच आहे: रक्तस्रावामुळे येणारी गुंगी आणि नेहमीची झोप बाहेरून सारखीच दिसतात. त्यामुळे झोपेचा अर्थ लावताना वेळ आणि प्रसंग पाहिला पाहिजे. मूल मनसोक्त रडले, मग खेळले, दूध प्याले आणि आपल्या रोजच्या वेळी झोपी गेले, तर ती झोपच आहे. त्याला थोपटून, डोळ्यांवर पाणी मारून रात्रभर जागे ठेवल्यास सकाळी ते चिडचिडे आणि मलूल दिसेल, आणि ते थकव्याने की दुखापतीने, हे कोणालाच सांगता येणार नाही. अवेळी, एकाएकी पेंगुळणे मात्र निराळे. शंका असेल किंवा डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तर झोपलेल्या मुलाला ठरावीक वेळाने हलकेच चाळवून पाहावे. त्याने कूस बदलली, कुरकुर केली, आईचा पदर ओढला, तर समाधान मानावे. नेहमीप्रमाणे चाळवत नसेल, श्वास घोरल्यासारखा किंवा अडखळत येत असेल, अंग ढिले पडले असेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये.

रुग्णालयात ताबडतोब न्यावे अशी लक्षणे सर्वांना ठाऊक असली पाहिजेत. थोडा वेळ का होईना, शुद्ध हरपली असेल; आकडी आली असेल; पुन्हा पुन्हा ओकारी होत असेल; डोकेदुखी वाढत चालली असेल; मूल ओळखीच्या माणसांना ओळखत नसेल, बरळत असेल, चालताना एका बाजूला झुकत असेल, एक हात किंवा पाय कमी हलवत असेल; दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील; नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्रव किंवा रक्त येत असेल; कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे वर्तुळ उमटले असेल. कानातून येणारा द्रव कापसाचा बोळा घालून अडवू नये, कारण तो मेंदूभोवतालचा द्रव असू शकतो. एक ओकारी तेवढी फसवी असते. घाबरून, रडून आणि पोटभर दूध प्यालेल्या मुलाला ती मार लागल्याबरोबर एकदा होऊ शकते. पुनःपुन्हा होणारी किंवा काही तासांनी नव्याने सुरू झालेली ओकारी मात्र दुर्लक्षिण्याजोगी नसते.

एक वर्षाखालील बाळाच्या बाबतीत हा हिशेब अधिक कडक ठेवावा लागतो. ते 'डोके दुखते' असे सांगू शकत नाही. त्याची कवटी पातळ आणि लवचिक असते. तिचे तुकडे अद्याप सांधले गेलेले नसतात आणि टाळू साधारणपणे दीड वर्षापर्यंत भरून येते. या मोकळ्या जागेमुळे आत रक्त साठले तरी काही काळ दाब वाढत नाही आणि लक्षणे उशिरा दिसतात. शिवाय बाळाच्या अंगात रक्तच थोडे. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर या मानाने पाच किलोच्या बाळात ते ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले भरेल एवढेच असते. शांत बसलेल्या बाळाची टाळू फुगलेली किंवा ताणलेली वाटणे, त्याने दूध सोडणे, कुशीत घेऊनही किंचाळत राहणे, फिकट पडणे, ही त्याची भाषा होय. एवढ्या लहान बाळाच्या डोक्याला लक्षात येण्याजोगा मार लागला असेल तर, लक्षणे नसली तरी, एकदा डॉक्टरांना दाखवावे. रक्त न गोठण्याचा विकार असलेल्या किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या मुलांनाही हाच नियम लागू आहे.

डॉक्टरांना काय सांगावे, यावर पुष्कळ अवलंबून असते. मूल किती उंचीवरून पडले, कशावर पडले, किती वाजता पडले, लगेच रडले का, त्यानंतर किती वेळा ओकले, एवढे नेमके सांगता आले तर निम्मी तपासणी झाल्यासारखी होते. परंतु नेमके येथेच पुष्कळ घरांत अडते. बाळ सांभाळण्याचे काम बहुधा घरातील आठ-दहा वर्षांच्या ताईकडे किंवा दादाकडे असते. कधी ते नव्या सुनेच्या हातून निसटते. आपल्याला मार बसेल, बोल लागेल, या भीतीने पडल्याची गोष्ट दडवली जाते. बाळ रडायचे थांबले की सुटल्यासारखे वाटते, आणि रात्री ते ओकू लागले की घरचे लोक अजीर्ण समजून ओवा देतात. जे मूल वाचू शकले असते ते कधी कधी केवळ या गुप्ततेमुळे जाते. जी मुले ही पुस्तिका शाळेत वाचतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे की, धाकटे भावंड पडले तर ते त्याच क्षणी मोठ्यांना सांगणे हाच मोठा उपचार आहे. आणि मोठ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, सांगणाऱ्याला एकदा चापट बसली की पुढच्या वेळी कोणी सांगावयास येणार नाही.

रुग्णालयात पोचल्यावर पुष्कळ पालकांची अपेक्षा असते की लगेच 'फोटो' काढला जाईल. साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते. मेंदू आणि त्याभोवतालचे रक्त दिसत नाही. ते दाखवणारे यंत्र म्हणजे सी.टी. स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी तयार केलेल्या या यंत्राने लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले, आणि १९७९ साली हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून मेंदूवरील शस्त्रक्रियेचे स्वरूपच पालटले. परंतु या यंत्रातही क्ष-किरणच वापरले जातात आणि वाढत्या शरीराला ते प्रौढांपेक्षा अधिक बाधतात. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात २०१२ साली असे दिसून आले की, बालपणी असे स्कॅन झालेल्यांत रक्ताचा व मेंदूचा कर्करोग होण्याचा संभव थोडा वाढतो. ही वाढ अगदी अल्प आहे. जेथे खरी गरज आहे तेथे तिच्यासाठी तपासणी टाळणे शहाणपणाचे नाही. गरज नसताना ती मागू नये, एवढेच.

मग गरज कोणाला आहे हे ठरवावयाचे कसे? अमेरिकेतील २५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या, वरवर शुद्धीत असलेल्या ४२,४१२ मुलांची पाहणी नेथन कुप्परमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मुलांचे स्कॅन झाले होते. महत्त्वाची दुखापत ३७६ मुलांना होती आणि मेंदूवर शस्त्रक्रिया ६० मुलांवर करावी लागली. या माहितीवरून दोन वर्षांखालील मुलांसाठी सहा प्रश्न निघाले. मुलाचे भान नेहमीसारखे आहे ना? कपाळ सोडून अन्यत्र सूज नाही ना? पाच सेकंद किंवा अधिक शुद्ध हरपली नव्हती ना? मार फार जोराचा, उदाहरणार्थ सुमारे ९० सेंटिमीटरहून अधिक उंचीवरून पडल्याचा, नाही ना? हाताला हाड मोडलेले लागत नाही ना? आणि सहावा प्रश्न: आईवडिलांच्या मते मूल नेहमीसारखे वागत आहे ना? या सहाही कसोट्यांना उतरलेल्या १,१७६ मुलांच्या गटात महत्त्वाची दुखापत एकालाही निघाली नाही. एवढ्या काटेकोर शास्त्रीय नियमात आईच्या मताला स्थान मिळावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. 'आज याचे काहीतरी वेगळेच दिसते आहे' असे ती म्हणते तेव्हा तो केवळ मायेचा बोल समजून सोडून देण्याजोगा नसतो.

मधल्या गटातील मुलांना डॉक्टर काही तास दवाखान्यातच थांबवून घेतात. त्या वेळी परिचारिका मुलाला पुन्हा पुन्हा हाक मारते, डोळ्यांत उजेड पाडून पाहते, बोट दाबते. ग्लासगो विद्यापीठातील ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली सुचवलेल्या मोजपट्टीने ती मुलाचे भान मोजत असते. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे मिळून पूर्ण भानाचे १५ गुण होतात. अगदी कमी म्हणजे ३. न बोलणाऱ्या बाळाचे हुंकार आणि रडणे यांवरून बोलण्याचे गुण दिले जातात. एकदा मिळालेल्या आकड्यापेक्षा तो वर चालला की खाली, हे अधिक महत्त्वाचे असते. 'काहीच करीत नाहीत, नुसते बसवून ठेवले आहे' अशी तक्रार करणाऱ्या नातेवाइकांनी ही गोष्ट समजून घ्यावी.

घरी आलेल्या मुलावर पहिले चोवीस तास बारीक लक्ष ठेवावे आणि पुढचा एक दिवसही त्याला एकटे सोडू नये. त्याला अंधाऱ्या खोलीत डांबून ठेवण्याचे कारण नाही; एक-दोन दिवस शांत खेळ, हलके अन्न आणि पुरेशी झोप पुरते. मेंदू हादरल्याची लक्षणे असलेल्या शाळकरी मुलाने ती पूर्णपणे जाईपर्यंत आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत खोखो, कबड्डी, क्रिकेट यांपासून दूर राहावे, कारण सावरत असलेल्या मेंदूवर दुसरा आघात झाला तर तो पहिल्याहून जड जातो.

मार टाळण्याचे उपाय प्रत्येक घराचे वेगळे असतात. कुशीवर वळू लागलेले बाळ उंच खाटेवर एकटे ठेवू नये. त्याचे अंथरूण जमिनीवर घालणे अधिक बरे. झोळीची दोरी आणि तिचा आकडा अधूनमधून ओढून पाहावा. गच्चीला कठडा नसेल तर तिच्या दाराला मुलांच्या हाती न लागेल अशी कडी हवी, आणि पतंगाच्या दिवसांत ती कडी लावलेली हवी. चाके असलेल्या वॉकरमध्ये बसवल्याने मूल लवकर चालते ही समजूत खोटी आहे. जिन्यावरून वॉकरसह कोसळणाऱ्या बाळांमुळे कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. भारतात दुचाकीवरील मुलांसाठी केलेला नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे शिरस्त्राण असावे, चालकाशी त्याला जोडणारा सुरक्षा पट्टा असावा आणि वाहनाचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. शिरस्त्राण मुलाच्या मापाचे आहे की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे: पट्टा बांधून मुलाला मान जोराने हलवावयास सांगावे, शिरस्त्राण डोक्याबरोबर फिरले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये.